लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात

आपले पारनेर हे सेनापती बापटांचे जन्मगाव. त्यांना ‘सेनापती’ ही पदवी मुळशीच्या सत्याग्रहाने मिळाली. फौजेत ते कधी नव्हते. आज ज्यांच्याविषयी मी लिहीत आहे ते मात्र प्रत्यक्ष रणांगणावरील सेनानी. तरीही त्यांचा मला सर्वांत मोठा वाटणारा विजय गोळीबाराविना मिळालेला आहे.

शंकरराव थोरातांचा जन्म १९०६ साली कोल्हापूरजवळच्या वडगावी झाला. विलायतेतील सँडहर्स्ट येथे शिकून १९२६ साली ते लष्करी अधिकारी झाले. १९४५ साली ब्रह्मदेशात कांगॉच्या घनघोर लढाईत त्यांनी पंजाब पलटणीचे नेतृत्व केले व डी. एस. ओ. हे शौर्यपदक मिळविले.

१९५३ साली कोरियातील युद्ध थांबले. मायदेशी जाण्यास नकार देणारे सुमारे २२ हजार चिनी व कोरियन कैदी सांभाळण्याचे काम भारताकडे आले. त्या दलाचे प्रमुख थोरात होते. दक्षिण कोरियाच्या सरकारने आपल्या जवानांना त्या भूमीवर पाऊलही ठेवू दिले नाही. त्यांना हेलिकॉप्टरने छावणीत नेऊन उतरवावे लागले. सप्टेंबरात कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओढून नेले. गोळी झाडावी तर रक्तपात होणार आणि तटस्थ भारताच्या नावाला बट्टा लागणार. थोरात मोजक्या माणसांनिशी आत शिरले, खवळलेल्या जमावाशी बोलत राहिले आणि मेजरला सुखरूप सोडवून आणले. सैनिकाने मुत्सद्द्याचे काम केले ते असे.

पुढे पूर्व विभागाचे प्रमुख असताना, १९५९ साली, ईशान्य सीमेवरील आपले बळ अपुरे आहे असा स्पष्ट अहवाल त्यांनी वर पाठविला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना तो पटला नाही. १९६१ साली थोरात निवृत्त झाले. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनने हल्ला केला आणि त्या दुर्लक्षाची किंमत थंडीत कुडकुडणाऱ्या जवानांनी मोजली. मग पंडित नेहरूंनी थोरातांना दिल्लीस बोलावून घेतले व त्यांना राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर नेमले. नंतर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. १९९२ साली ते निवर्तले.

भगिनींनो, आपल्या तालुक्यातील मुले आजही सैन्यात जातात. त्यांच्या शौर्याचे आपण कौतुक करतो, ते योग्यच आहे. परंतु त्यांच्यासाठी वेळीच खरे बोलणारा अधिकारी आणि ते ऐकून घेणारे सरकार, ही दोन्ही मागण्याचा हक्क आपणा आयाबहिणींना आहे, असे मला वाटते.