भिंतीवरचा परधान : जनगढसिंह श्याम

१९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतील पोरे रात्री रेल्वेच्या आवारात शिरत आणि भुयारी गाड्यांचे डबे फवाऱ्याच्या रंगांनी रंगवून काढीत. कोणी त्यांना कलावंत म्हणे, कोणी गुन्हेगार. १९८० पासून कीथ हेरिंग हा तरुण तिथल्या स्थानकांत, रिकाम्या जाहिरातफलकांवरील काळ्या कागदावर खडूने चित्रे काढू लागला. पोलिसांनी त्याला पकडलेही; पण पाहता पाहता तो मोठमोठ्या कलादालनांत जाऊन पोहोचला.

याच सुमारास आपल्या देशातही एक तरुण भिंतीवरून कलादालनात गेला. त्याची हकीकत मी मुद्दाम सांगतो आहे, कारण तो जातीने परधान होता आणि परधान आपल्याला परके नाहीत. आदिलाबादकडचे परधान घरात मराठी बोलतात आणि गोंड यजमानांच्या दारी किकरी वाजवून त्यांच्या कुळाच्या कथा गोंडीत गातात. त्या गाण्यावरच त्यांचे पोट चाले. पुढे यजमानच गरीब झाले, दान आटले आणि वाद्ये खुंटीला लागली.

जनगढसिंह श्याम यांचे गाव पाटणगढ. ते पूर्वी मध्य प्रदेशच्या मंडला जिल्ह्यात होते, आता दिंडोरीत आहे. गरिबीमुळे शाळा लवकर सुटली, म्हशी राखणे नशिबी आले. भोपाळला भारत भवन उभे राहत असताना चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी आपली माणसे खेडोपाडी धाडली होती. त्यांना पाटणगढच्या एका भिंतीवर हनुमानाचे चित्र दिसले. ते जनगढसिंहांचे होते. विशी गाठता गाठता हा तरुण भोपाळला आला.

त्यांचे खरे धाडस मला असे वाटते : बडा देव आणि इतर देवदेवता परधानांनी पिढ्यान्‌पिढ्या गाण्यातच सांभाळल्या होत्या. जनगढसिंहांनी त्यांना ठिपक्यांचे, रेघांचे, झगझगीत रंगांचे रूप दिले. गाणे डोळ्यांना दिसू लागले! १९८६ मध्ये मध्य प्रदेश शासनाचा शिखर सन्मान मिळाला, १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात चित्रे लागली, भोपाळच्या नव्या विधान भवनाच्या भिंतीही त्यांनी रंगविल्या. गावाकडची भाचे-पुतणे मंडळी त्यांच्या घरी येऊन राहिली आणि हाती कुंचला धरू लागली. या शैलीला आज ‘जनगढ कलम’ म्हणतात. त्याच घरातून पुढे आलेल्या भज्जू श्याम यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

पण शेवट दुःखद झाला. जपानच्या निगाता प्रांतातील एका संग्रहालयासाठी चित्रे काढण्यास ते गेले होते. २००१ च्या जुलै महिन्यात, घरापासून हजारो मैल दूर, त्यांनी तिथेच आपले जीवन संपविले. वय जेमतेम चाळीस. हेरिंग १९९० मध्ये एकतिसाव्या वर्षीच आजाराने गेला होता.

गावात भिंत स्वतःची असते, चित्र काढून माणूस आपल्याच ओसरीवर जेवायला बसतो. शहर नाव देते, पैसा देते. पण ती ओसरी देत नाही. मित्रहो, आपल्या परधानांच्या कथा गाण्यात राहोत की चित्रांत उतरोत, त्या टिकल्याच पाहिजेत. मात्र कलावंताला दूर बोलावून नेणाऱ्याने त्याच्या चित्रांइतकीच त्याच्या जिवाचीही काळजी वाहिली पाहिजे, एवढेच मला सांगायचे आहे.