शेवटच्याला पहिली पाळी

लहानपणी आमच्या आळीत आट्यापाट्यांचा किंवा लंगडीचा डाव मांडायचा म्हटला, की आधी गडी वाटून घ्यावे लागत. दोन थोराड मुले कॅप्टन होत, ओली-सुकी होई आणि मग दोघे आळीपाळीने एकेक नाव घेऊन गडी उचलत. जो चपळ तो आधी जाई, जो दांडगा तो त्यानंतर. सगळ्यात शेवटी भिंतीला टेकून उभा असलेला मी उरत असे. मग कोणीतरी उदारपणे मला कच्चा लिंबू म्हणून घेई. आपले नाव कधी येते याची वाट पाहतानाची पोटातली कालवाकालव ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना पुढची हकीगत परकी वाटणार नाही.

२०१७ च्या एप्रिल महिन्यात मी मुलाकडे अमेरिकेत फिलाडेल्फियाला होतो. शहरात मोठी धामधूम चालली होती. तिथल्या कलासंग्रहालयाच्या प्रसिद्ध पायऱ्यांपाशी उघड्यावर भव्य मंच उभारला होता आणि रस्ता माणसांनी फुलून गेला होता. सामना नव्हता, गाणेबजावणेही नव्हते. व्यावसायिक फुटबॉलचे बत्तीस संघ कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या पोरांमधून आपापले गडी आळीपाळीने उचलणार होते. या प्रकाराला ते ड्राफ्ट म्हणतात. माझा बारा वर्षांचा नातू हातात नावांची लांबलचक यादी घेऊन बसला होता आणि कोणता मुलगा कितव्या क्रमांकावर जाईल याचे भाकीत मला समजावून सांगत होता. मला मात्र आमची आळी आठवली. फरक एवढाच, की इथे पहिली पाळी आदल्या वर्षी सगळ्यात जास्त हरलेल्या संघाची होती! ही उलटी रीत कोणी काढली, असे मी विचारले. नातवाला ते ठाऊक नव्हते. मुलाने नाव सांगितले: बर्ट बेल. याच गावचा माणूस. मग उरलेल्या मुक्कामात मी या माणसाचाच माग काढत राहिलो.

एक खुलासा आधी करायला हवा. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. चेंडू लंबगोल असतो. तो बहुतेक वेळ हातात धरून पळायचा किंवा फेकायचा, आणि समोरच्याने तुम्हाला अंगावर येऊन आडवे करायचे. डोक्याला शिरस्त्राण घातल्याशिवाय या खेळात उतरता येत नाही.

बर्ट बेल यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८९५ चा, फिलाडेल्फियातल्या बड्या घराण्यातला. वडील नामांकित वकील. पुढे ते पेनसिल्व्हेनिया राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल झाले. थोरला भाऊ काही दिवसांपुरता का होईना, राज्याचा गव्हर्नर झाला आणि नंतर तिथला सरन्यायाधीश. अशा घरात बर्टला एकच वेड होते, ते फुटबॉलचे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून तो क्वार्टरबॅक, म्हणजे डावाची सूत्रे हलवणारा खेळाडू म्हणून खेळला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णालयाच्या तुकडीबरोबर सेवा केली. परत आल्यावर विद्यापीठातच साहाय्यक प्रशिक्षक झाला. उरलेला वेळ वडिलांच्या हॉटेल व्यवसायात आणि मौजमजेत जाई. दारू होती, घोड्यांच्या शर्यती होत्या. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला तेव्हा बरीच पुंजी बुडाली. रंगभूमीवरच्या अभिनेत्री फ्रान्सिस अप्टन यांच्याशी गाठ पडली आणि त्यांच्यासाठी या गृहस्थाने दारू सोडली ती कायमची. १९३४ मध्ये दोघांचे लग्न झाले.

त्याआधी १९३३ मध्ये बेल यांनी एक धाडस केले. मंदीने देश पोळलेला असताना, अप्टन यांच्याकडून उसने पैसे घेऊन आणि भागीदार जमवून त्यांनी फिलाडेल्फियात व्यावसायिक संघ काढला. नाव ठेवले ईगल्स. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आर्थिक पुनरुत्थानाच्या योजनेचे बोधचिन्ह निळा गरुड होते, त्यावरून. पण गरुड काही उडेना. संघ हरत होता, म्हणून प्रेक्षक येत नव्हते. प्रेक्षक नाहीत म्हणून पैसा नव्हता, पैसा नाही म्हणून चांगले खेळाडू येत नव्हते आणि त्यामुळे संघ पुन्हा हरत होता.

त्या काळी कॉलेजातून बाहेर पडणारा खेळाडू कोणाशीही करार करायला मोकळा असे. साहजिकच शिकागो बेअर्स, न्यूयॉर्क जायंट्स, ग्रीन बे पॅकर्स अशा नावाजलेल्या संघांकडे चांगली मुले जात. मिनेसोटा विद्यापीठाच्या स्टॅन कोस्टका या दणकट गड्यासाठी बेल यांनी बरीच धावपळ केली. बोली चढत गेली आणि अखेर कोस्टका ब्रुकलिनच्या संघाकडे गेला. हात हलवीत परतलेल्या बेल यांच्या मनात तेव्हा एक विचार पक्का झाला. साखळीतली सगळ्यात कच्ची कडी जितकी मजबूत, तितकीच साखळी मजबूत. एखाददुसरा संघ कायम जिंकत राहिला, तर आधी हरणारे मरतील आणि मग त्यांच्या मागोमाग जिंकणारेही.

१९३५ च्या मे महिन्यात मालकांच्या बैठकीत त्यांनी प्रस्ताव मांडला. सर्व खेळाडूंची एकच यादी करावी, शेवटच्या क्रमांकाच्या संघाने पहिला गडी उचलावा, विजेत्याने सर्वांत शेवटी, आणि मग पुन्हा त्याच क्रमाने फेऱ्या व्हाव्यात. ज्याने मुलाला उचलले, त्याच संघाने त्याच्याशी बोलणी करायची. आश्चर्य याचे, की बेअर्स आणि जायंट्ससारख्या धनदांडग्यांचा यात तोटा असूनही त्यांनी होकार दिला. प्रस्ताव एकमताने मंजूर झाला.

पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात झाला. फळ्यावर सुमारे नव्वद नावे लिहिली होती. नऊ संघ, नऊ फेऱ्या, एक्क्याऐंशी निवडी. ना दूरदर्शनचे कॅमेरे, ना पारख करणाऱ्यांची फौज. बहुतेक मालकांची भिस्त वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवर आणि ओळखीच्या प्रशिक्षकांच्या शब्दावर होती.

आदल्या वर्षी अकरापैकी नऊ सामने हरलेल्या ईगल्सचा, म्हणजे खुद्द बेल यांचाच पहिला मान होता. त्यांनी शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगरचे नाव घेतले. देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू म्हणून पुढे हाइस्मन या नावाने गाजलेला करंडक पहिल्यांदा त्यालाच मिळाला होता. निवड बिनचूक वाटत होती. पण बर्वँगरला हवा तेवढा मोबदला देणे बेल यांना झेपणारे नव्हते, म्हणून त्यांनी त्याचे हक्क बेअर्सना देऊन टाकले. तिथेही जमले नाही. बर्वँगर व्यावसायिक फुटबॉल एकदाही खेळला नाही. तो फोम रबराच्या विक्रीच्या धंद्यात शिरला. बेल यांनी त्या दिवशी उचललेल्या नऊपैकी एकही मुलगा ईगल्सकडे आला नाही. ज्याने ही रीत काढली, त्याच्याच पदरात पहिल्या वर्षी भोपळा!

त्याच खोलीत जायंट्सच्या मालकांचा एकोणीस वर्षांचा मुलगा, वेलिंग्टन मारा, आपली टिपणे घेऊन आला होता. गावोगावची वर्तमानपत्रे आणि मासिके मागवून त्याने खेळाडूंची माहिती जमवली होती. त्याने हेरलेला टफी लीमन्स दुसऱ्या फेरीत जायंट्सकडे गेला आणि पुढे थोर खेळाडूंच्या मानाच्या सभागृहात जाऊन बसला. आज संघ ज्या पारखी माणसांना पगार देऊन देशभर फिरवतात, त्यांचा मूळपुरुष म्हणजे हा कात्रणे कापणारा मुलगा. उलट बेअर्सच्या जॉर्ज हॅलस यांनी शेवटच्या फेरीत डॅन फोर्टमन हे नाव घेतले ते केवळ नाव कानाला बरे वाटले म्हणून, असे सांगतात. तोही त्याच सभागृहात पोहोचला; शिवाय खेळता खेळता वैद्यकीय शिक्षण पुरे करून डॉक्टर झाला. अभ्यासाने केलेली पारख खरी ठरली आणि सहज घेतलेले नावही खरे ठरले.

बेल यांना स्वतःला माणसे पारखता आली, असे मात्र म्हणवत नाही. १९३६ ते १९४० अशी पाच वर्षे त्यांनी ईगल्सचे प्रशिक्षकपदही सांभाळले. दहा विजय, चव्वेचाळीस पराभव, दोन बरोबरी. पुढे ते पिट्सबर्ग स्टीलर्सचे सहमालक झाले आणि १९४६ च्या जानेवारीत संपूर्ण लीगचे कमिशनर. तिथे त्यांचे खरे गुण दिसले. मोसमाचे वेळापत्रक ते घरी जेवणाच्या टेबलावर डोमिनोच्या सोंगट्या मांडून तयार करीत. सुरुवातीला दुबळ्यांच्या गाठी दुबळ्यांशी पडाव्यात, म्हणजे कोणाची आशा लवकर मावळू नये, ही त्यामागची युक्ती. कोणत्याही रविवारी कोणीही कोणालाही हरवू शकेल असा खेळ त्यांना हवा होता.

पण या माणसाचे कौतुक करताना दोन गोष्टी झाकून ठेवता येत नाहीत. १९३६ च्या त्या फळ्यावर कृष्णवर्णीय मुलाला जागाच नव्हती. १९३४ ते १९४५ या काळात लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाचा केनी वॉशिंग्टन १९३९ च्या मोसमात देशातल्या अव्वल खेळाडूंत गणला गेला, तरी ड्राफ्टमध्ये त्याचे नाव कोणी घेतले नाही. १९४६ मध्ये रॅम्स संघाने त्याला घेतले, तेही तिथल्या सार्वजनिक मैदानाचा वापर हवा असेल तर भेदभाव चालणार नाही असा आग्रह कृष्णवर्णीय पत्रकारांनी धरला म्हणून. ड्राफ्टमध्ये पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूची, जॉर्ज टॅलिआफेरोची, निवड व्हायला १९४९ साल उजाडले.

दुसरी गोष्ट मुलांच्या मर्जीची. संघासंघांतला न्याय झाला, पण ज्याला उचलले त्या मुलाचे काय? त्याला गाव निवडता येईना, बोली चढवता येईना. मालकांचा खर्च वाचवणारी ही सोय होती, हेही तितकेच खरे. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट नाही असा निकाल दिला आणि त्याच वर्षी काँग्रेसच्या समितीपुढे बेल यांनी खेळाडूंच्या संघटनेला मान्यता देऊन टाकली. मालकांना ते रुचले नव्हते.

पारखीचा सगळ्यात मोठा धडा त्यांच्या हयातीतच घडला. १९५५ मध्ये स्टीलर्सनी नवव्या फेरीत जॉनी युनायटस या मुलाला उचलले आणि मोसम सुरू होण्याआधीच घरी पाठवले. तो एका सामन्याला सहा डॉलर घेऊन हौशी संघात खेळू लागला. पुढच्या वर्षी बाल्टिमोर कोल्ट्सनी त्याला बोलावून घेतले. २८ डिसेंबर १९५८ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर अजिंक्यपदाचा सामना अतिरिक्त वेळेत गेला आणि याच युनायटसच्या कोल्ट्सनी जायंट्सना २३-१७ असे हरवले. दूरदर्शनमुळे लाखो लोकांनी तो घरी बसून पाहिला आणि या खेळाचे नशीब पालटले.

आज या पारखीचे शास्त्र झाले आहे. दरवर्षी निवडक मुलांना इंडियानापोलिसला बोलावतात. चाळीस यार्डांची धाव सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात, १०२ किलोचे वजन किती वेळा उचलले ते मोजतात, उडी मोजतात, हाताचे पंजेसुद्धा मोजतात. डॉक्टर तपासतात, मुलाखती होतात. इतके करूनही २००० साली टॉम ब्रेडी हा मुलगा १९९ व्या क्रमांकापर्यंत कोणाला नको होता. पुढे त्याने सात वेळा अजिंक्यपद मिळवले. आपल्याकडे २००८ मध्ये आयपीएलच्या पहिल्या वर्षी एकोणीस वर्षांखालील मुलांची अशीच पाळीने निवड झाली. पहिली पाळी दिल्लीची होती. घरचा विराट कोहली समोर असताना दिल्लीने एका गोलंदाजाला पसंती दिली आणि कोहली बंगलोरला गेला.

हे वाचताना मला माझाच एक निर्णय टोचत राहिला. मी तालुक्याच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक होतो. एके वर्षी खो-खोचा संघ निवडताना शिट्टी, टेप आणि स्टॉपवॉच घेऊन मी मैदानावर बसलो आणि एका काटकुळ्या मुलाला शेवटच्या घटकेला वगळले. त्याची धाव कमी पडत होती. घड्याळ तसे स्पष्ट सांगत होते. पुढच्या वर्षी तो शेजारच्या गावातल्या शाळेत गेला. आमच्याविरुद्ध पळायला उतरला आणि डाव संपेपर्यंत आमच्या मुलांच्या हाती लागला नाही. तो वेगात पळतच नव्हता. समोरच्याचे खांदे बघून आधीच वळत होता. ते मोजायला माझ्याकडे टेप नव्हता. पण मोजता येत नव्हते, म्हणून मी ते पाहिलेही नव्हते. सामना संपल्यावर त्याने मला वाकून नमस्कार केला. त्याला काय म्हणावे ते मला सुचले नाही.

११ ऑक्टोबर १९५९ च्या रविवारी बेल फिलाडेल्फियातल्या फ्रँकलिन फील्डवर सामना पाहायला गेले. मानाच्या कक्षात न बसता सामान्य प्रेक्षकांत बसण्याची त्यांची सवय होती. सामना ईगल्स विरुद्ध स्टीलर्स, म्हणजे त्यांच्या दोन्ही जुन्या घरांतला. मैदान त्यांच्या विद्यापीठाचे, जिथे ते स्वतः तरुणपणी खेळले होते. शेवटची काही मिनिटे उरली असताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातच ते गेले. वय चौसष्ट.

परत निघण्याच्या आदल्या दिवशी मी नातवाला घेऊन ते मैदान पाहून आलो. विटांच्या कमानींचे जुने बांधकाम आहे. ड्राफ्टमध्ये नातवाने केलेली बरीच भाकिते चुकली होती, म्हणून स्वारी जरा हिरमुसली होती. मी त्याला आमच्या आळीतल्या ओली-सुकीची आणि कच्च्या लिंबाची गोष्ट सांगितली. ती ऐकून त्याने विचारले, आजोबा, मग तुम्ही कॅप्टन झालात तेव्हा सगळ्यात आधी कोणाला घेतलेत? मी त्याला खरे ते सांगितले. मीही सगळ्यात दांडग्यालाच घेतले होते.