मॉरिस रेनो : पांढऱ्या पडणाऱ्या बोटांचे कोडे उलगडणारे डॉक्टर

चेन्नईत ऐन जानेवारीतही पहाटेचे तापमान सहसा २० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तरीही वातानुकूलित खोलीत बसल्यावर किंवा बर्फ हाताळल्यावर तेथेही काहींची बोटे पांढरी पडतात, नंतर निळसर होतात आणि ऊब मिळताच लाल होऊन ठणकतात. हा विकार फ्रेंच डॉक्टर मॉरिस रेनो यांच्या नावाने ओळखला जातो.

रेनो यांचा जन्म १० ऑगस्ट १८३४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वयाच्या २७ व्या वर्षी, १८६२ मध्ये, त्यांनी २५ रुग्णांच्या नोंदींवर आधारित प्रबंध सादर केला. बोटे काळवंडली की मोठी रक्तवाहिनी बंद पडली, असे तेव्हा मानले जाई. रेनो यांच्या रुग्णांची नाडी मात्र लागत होती. थंडीमुळे किंवा मानसिक आघातामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

वैद्यकशास्त्राच्या इतिहासाचे प्राध्यापकपद मिळावे, ही त्यांची इच्छा अपूर्णच राहिली. हृदयविकाराने २९ जून १८८१ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. प्रबंधाचा इंग्रजी अनुवाद १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला.

विकाराचे मूळ मज्जासंस्थेत असल्याचे त्यांचे मत पुढे अपुरे ठरले. निरीक्षणे मात्र टिकली. बहुतेकांना हातमोजे, ऊब आणि धूम्रपान वर्ज्य करणे एवढे पुरते. बोटांवर जखमा होत असल्यास, त्वचा कडक होत असल्यास किंवा तिशीनंतर प्रथमच त्रास सुरू झाल्यास वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते.