कार्ल सायफर्ट : ज्यांच्या पसरट रेषांमधून पुढे कृष्णविवराचं वजन निघालं

गेम खेळताना पिंग वाढला की आपण वैतागतो. पण अशाच उशिरावरून, म्हणजे लेटन्सीवरून, खगोलशास्त्रज्ञ दूरच्या दीर्घिकांमधल्या वायूच्या ढगांचा पसारा मोजतात. मला ही पद्धत भारी वाटते. तिची अर्धी बाजू मात्र कार्ल सायफर्ट यांनी खूप आधी मांडून ठेवली होती.

सायफर्ट यांचा जन्म १९११ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचा. १९३६ मध्ये हार्वर्डमधून पीएचडी केल्यावर काही वर्षांनी ते माउंट विल्सन वेधशाळेत गेले. तिथल्या निरीक्षणांवर १९४३ मध्ये त्यांचा पेपर आला. विषय होता सहा सर्पिल दीर्घिकांची झगझगीत केंद्रं.

प्रकाशाचे रंग वेगळे केले की तापलेल्या वायूच्या ठरावीक रंगांच्या रेषा दिसतात. वायू शांत असेल तर रेष बारीक. काही वायू आपल्याकडे आणि काही उलट्या दिशेला पळत असेल तर ती पसरते. सायफर्ट यांना काही रेषा सेकंदाला ८,५०० किलोमीटरपर्यंत पसरलेल्या दिसल्या. एवढा वेग कशामुळे? उत्तर नव्हतं, आणि पेपरकडेही बरीच वर्षं फारसं कुणी पाहिलं नाही.

१९४६ मध्ये ते नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात आले. गावातल्या लोकांकडून मदत मिळवून त्यांनी डायर वेधशाळा उभी केली. ती १९५३ मध्ये सुरू झाली. १३ जून १९६० ला कार अपघातात ते गेले. वय फक्त ४९. तीनच वर्षांनी क्वेसार किती दूर आहेत ते कळलं, आणि सायफर्ट यांच्या दीर्घिका एकदम महत्त्वाच्या ठरल्या.

आता उरलेली अर्धी बाजू. हे ढग इतके छोट्या जागेत असतात की साध्या दुर्बिणीतून फक्त ठिपका दिसतो. मग फोटोऐवजी घड्याळ वापरायचं. कृष्णविवराजवळची तप्त तबकडी अचानक उजळते. तो प्रकाश ढगांपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून त्यांच्या रेषा काही दिवसांनी उजळतात. उशीर गुणिले प्रकाशाचा वेग, की अंतर मिळालं. याला रिव्हर्बरेशन मॅपिंग म्हणतात.

सायफर्ट यांच्या सहापैकी एक, एनजीसी ४१५१, साधारण ५ कोटी प्रकाशवर्षं दूर आहे. तिथे हायड्रोजनच्या एका रेषेचा उशीर जवळपास ६ दिवसांचा निघाला, म्हणजे सुमारे १५ हजार कोटी किलोमीटर. सूर्य ते नेपच्यून या अंतराच्या तीसपटीहून थोडं जास्तच.

रेषेच्या रुंदीवरून वेग मिळतो, उशिरावरून अंतर. वेगाचा वर्ग गुणिले अंतर, भागिले गुरुत्व स्थिरांक, की कृष्णविवराचं वस्तुमान आलं : सूर्याच्या काही कोटी पट. ढगांची रचना गृहीत धरावी लागते, म्हणून आकडा थोडा मागेपुढे होतो.

या गणितातला वेग सायफर्ट यांनी १९४३ मध्येच मोजला होता. तो कशाचा वेग आहे, हे कळायला मात्र ते राहिले नाहीत. आज अशा दीर्घिकांना सायफर्ट दीर्घिका म्हणतात.