शितावरून भाताची परीक्षा : जॉर्ज गॅलप

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक दोन खेपांत होते असे म्हटले तर वावगे ठरू नये. नोव्हेंबरात सारा देश मत देतो, ती दुसरी खेप. पहिल्या खेपेत प्रत्येक पक्ष आपला उमेदवार निवडतो. त्यासाठी राज्याराज्यांतून त्या पक्षाचे मतदार मत देतात. ह्या मतदानाला तिकडे प्रायमरी म्हणतात. काही राज्यांत मतपेटीऐवजी गावोगाव सभा भरतात, त्यांना कॉकस म्हणतात. हिवाळ्यात सुरू झालेली ही शर्यत जूनपर्यंत चालते आणि मग पक्षाच्या अधिवेशनात उमेदवाराच्या नावावर शिक्कामोर्तब होते. ह्या सर्व काळात जनमत चाचण्यांचे आकडे येत राहतात. कोण पुढे, कोण मागे, हे मतदानाच्या आधीच कळले असे लोक धरून चालतात. ह्या आकड्यांना किती किंमत द्यावी, हा प्रश्न आमच्या राज्यशास्त्राच्या तासाला निघाला होता. ज्याच्या नावाने जगभर चाचणी ओळखली गेली त्या जॉर्ज गॅलपच्या चरित्रात ह्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे सापडते, असे मला वाटते. म्हणून ते येथे थोडक्यात सांगते.

गॅलपचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ रोजी आयोवा राज्यातील जेफरसन ह्या लहानशा गावी झाला. घरी गाईगुरे होती आणि दुधाचा धंदा होता. लहानपणी जॉर्ज घरोघर दूध पोचवीत असे. पुढे तो आयोवा विद्यापीठात गेला, तेथील विद्यार्थ्यांच्या दैनिकाचा संपादक झाला आणि १९२८ मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली. त्याच्या प्रबंधाचा विषय साधा होता : वाचक वर्तमानपत्रातले नेमके काय वाचतात? नुसते विचारले तर लोक अग्रलेख आणि मोठ्या बातम्या सांगत. गॅलपने नवी युक्ती काढली. सबंध अंक वाचकापुढे ठेवून तो एकेक रकाना दाखवीत विचारू लागला. तेव्हा कळले की बऱ्याच जणांची खरी ओढ चित्रांकडे आणि व्यंगचित्रमालिकांकडे आहे. विचारण्याची रीत चुकली की उत्तर चुकते, हा धडा त्याला ऐन पंचविशीत मिळाला.

काही वर्षे वृत्तपत्रविद्येचा प्राध्यापक म्हणून काम केल्यावर १९३२ मध्ये तो न्यूयॉर्कच्या यंग अँड रुबिकॅम ह्या जाहिरात कंपनीत संशोधनाचे काम पाहू लागला. त्याच वर्षी त्याच्या सासूबाई ओला बॅबकॉक मिलर डेमोक्रॅटिक पक्षातर्फे आयोवाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट ह्या पदासाठी उभ्या राहिल्या. राज्य रिपब्लिकन पक्षाचे, आणि त्या पदावर तोवर एकही स्त्री बसलेली नव्हती. जावयाने त्यांच्यासाठी लोकांचा कल अजमावून पाहिला. त्या निवडून आल्या. साबण-दंतमंजनाबद्दल विचारता येते तर राज्यकारभाराबद्दल का नाही, असे गॅलपच्या मनाने घेतले असावे. १९३५ मध्ये त्याने प्रिन्स्टन येथे अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियन ही संस्था काढली आणि तिचे निष्कर्ष वर्तमानपत्रांतून येऊ लागले.

दुसऱ्याच वर्षी कसोटीचा प्रसंग आला. लिटररी डायजेस्ट ह्या नामांकित साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. त्यांपैकी २३ लाखांच्या आसपास परत आल्या आणि त्यांवरून रूझवेल्ट हरणार, लँडन जिंकणार असे साप्ताहिकाने जाहीर केले. गॅलपने काही हजारांनाच विचारले होते. त्याने रूझवेल्टचा विजय सांगितला, शिवाय डायजेस्टचा अंदाज चुकणार हेही आधीच सांगून टाकले. रूझवेल्टला ४८ पैकी ४६ राज्ये मिळाली. डायजेस्टची यादी टेलिफोनधारक आणि मोटारमालक यांच्या नोंदींवरून केलेली होती. महामंदीच्या त्या काळात टेलिफोन आणि मोटार असलेला माणूस वेगळा आणि रोजगारासाठी रांगेत उभा असलेला वेगळा. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण शीत वरवरचे असेल तर तळाचा भात कच्चा की करपलेला हे कसे कळणार? मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. माझ्या आजीला आजवर कोणत्याही चाचणीवाल्याने काही विचारलेले नाही. मत मात्र ती प्रत्येक निवडणुकीला देऊन येते.

आता प्रायमरीकडे वळू. त्या काळी प्रायमरी मोजक्याच राज्यांत होत आणि उमेदवार शेवटी पक्षाचे पुढारी अधिवेशनात ठरवीत. अशा वेळी सामान्य मतदाराचे मत पुढाऱ्यांच्या कानी घालणारे साधन म्हणजे चाचणी, अशी गॅलपची धारणा होती. १९४० साली त्याचा प्रत्यय आला. मेच्या सुरुवातीला रिपब्लिकन मतदारांत शेकडा ६७ जण ड्यूईच्या बाजूचे होते. वेंडेल विल्की ह्या उद्योगक्षेत्रातील गृहस्थाला अवघे ३ टक्के होते आणि तो एकाही प्रायमरीत उतरलेला नव्हता. मग हिटलरच्या फौजांनी फ्रान्स पाडला, जग बदलले, आणि विल्कीचा आकडा आठवड्या-आठवड्याला चढत गेला. जूनअखेर फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात सहाव्या फेरीत तोच उमेदवार ठरला.

पण याची दुसरी बाजूही आहे. १९५२ साली एस्टेस केफॉवर ह्या सिनेटरने न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीत खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रुमनला हरवले. एकंदर १५ प्रायमऱ्यांपैकी १२ त्याने जिंकल्या. डेमोक्रॅटिक मतदारांच्या चाचण्यांतही तोच पुढे होता. तरीही शिकागोच्या अधिवेशनात पुढाऱ्यांनी स्टीव्हन्सनला उमेदवारी दिली. लोकमत मोजता आले म्हणून ते मानले जातेच असे नाही.

मधल्या काळात गॅलपला स्वतःलाही ठेच लागली होती. १९४८ मध्ये ड्यूई जिंकणार असे त्याने सांगितले आणि जिंकला ट्रुमन. मतदानाच्या सुमारे दोन आठवडे आधीच चाचण्या थांबवल्या होत्या. शिवाय इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, इतके गरीब अशी वाटणी ठरवून दिली तरी त्यात नेमके कोणाला विचारायचे हे मुलाखत घेणाऱ्यावर सोडलेले असे. साहजिकच सोयीची, शिकलेली माणसे अधिक गाठली जात. काही वर्तमानपत्रांनी त्याचे सदर बंद केले. गॅलपने माणसे निवडण्याची पद्धत बदलून ती निवड मुलाखतकाराच्या मर्जीवर राहणार नाही अशी व्यवस्था केली. त्याचा आणखी एक नियम सांगण्यासारखा आहे. कोणत्याही राजकीय पक्षाचे पैसे घेऊन त्याची संस्था चाचणी करीत नसे. त्याची पद्धत देशोदेशी पसरली. आपल्याकडे एरिक दा कोस्टा यांनी १९५०च्या दशकात दिल्लीत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियन काढून हे काम सुरू केले.

१९६८ नंतर डेमोक्रॅटिक पक्षाने नियम बदलले आणि हळूहळू प्रायमरी व कॉकस यांच्या निकालांवरच उमेदवारी ठरू लागली. आता चाचण्या अधिकच बिनचूक ठराव्यात, अशी अपेक्षा होती. घडले उलटे. १९७६ च्या आरंभी देशभरच्या चाचणीत जॉर्जियाच्या जिमी कार्टरला डेमोक्रॅटिक मतदारांत पाच टक्केही नव्हते. तो आयोवात गावोगाव हिंडला, लोकांच्या घरी मुक्कामाला राहिला. जानेवारीतल्या कॉकसमध्ये नाव घेऊन पाठिंबा मिळालेल्यांत तो पहिला आला, पुढे न्यू हॅम्पशायर जिंकला आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष झाला. गॅलपच्या चाचणीला असा धक्का त्याच्याच जन्मराज्यातून बसावा, ही गंमतच म्हणायची. चारच वर्षांनी कार्टरला उलट्या बाजूने तोच अनुभव आला. १९७९ च्या उन्हाळ्यात एडवर्ड केनेडी त्याच्या जवळजवळ दुप्पट पुढे होता. नोव्हेंबरात तेहरानच्या वकिलातीतले अमेरिकन ओलीस धरले गेले, लोक राष्ट्राध्यक्षामागे उभे राहिले आणि आयोवात केनेडी सपशेल हरला.

असे का व्हावे? मला सुचणारी कारणे तीन. नोव्हेंबरच्या निवडणुकीत मतदाराला पक्ष ठाऊक असतो. प्रायमरीत सगळे एकाच पक्षाचे, म्हणून सुरुवातीला तो ओळखीचे नाव सांगतो. म्हणजे चाचणीत मोजली जाते ती ओळख, पसंती नव्हे. दुसरे, प्रायमरीला मतदार थोडे येतात आणि कोण येईल हे आधी सांगता येत नाही. तिसरे, राज्ये एकामागून एक मत देतात, त्यामुळे पहिल्या राज्याचा निकाल दुसऱ्या राज्याचे मन फिरवतो.

मात्र चाचण्या फुकट आहेत असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. १९८४ मध्ये गॅरी हार्टने न्यू हॅम्पशायरमध्ये आघाडीवरच्या माँडेलला हरवून खळबळ उडवली, पण जुलैत उमेदवारी माँडेललाच मिळाली. त्यानंतर आठवडाभरात, २६ जुलै १९८४ रोजी, स्वित्झर्लंडमध्ये गॅलपचे निधन झाले.

त्याच्या पश्चात चाचणीचे वजन तिच्या सत्यतेपेक्षाही वाढले. आकडा वर असेल तर देणग्या येतात, वर्तमानपत्रे जागा देतात. आकडा खाली असेल तर माणूस चांगला असूनही ऐकला जात नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये रिपब्लिकन उमेदवारांच्या पहिल्या मोठ्या वादसभेसाठी फॉक्स न्यूजने पाच चाचण्यांची सरासरी काढून पहिल्या दहांना मुख्य व्यासपीठावर बसवले. दहावा आणि अकरावा यांच्यात दोन टक्क्यांचेही अंतर नव्हते, आणि एकेका चाचणीत तेवढी चूक सहज होऊ शकते. त्याच वर्षी ऑक्टोबरात गॅलपने स्थापलेल्या संस्थेने मात्र २०१६ च्या प्रायमरीत कोण पुढे हे सांगणाऱ्या चाचण्या घेणार नसल्याचे सांगितले.

दूधवाल्याच्या ह्या मुलाला दारोदार जाऊन सामान्य माणसाचे म्हणणे ऐकायचे होते. त्याने शोधलेले साधन पुढे दार लावून घेण्याच्या कामी येऊ लागले, ही खेदाची गोष्ट आहे. म्हणून प्रायमरीच्या काळात एखादा आकडा समोर आला की आपण तीन गोष्टी विचाराव्यात : कोणाकोणाला विचारले, कधी विचारले, आणि विचारलेल्यांना सगळ्या उमेदवारांची नावे तरी ठाऊक होती का? ह्यांची उत्तरे मिळाली तर आकडा जरूर वाचावा. न मिळाली तर पहिल्या राज्याचे मतदान होईपर्यंत थांबावे.