इरावतीबाई कर्वे : पदवीनंतरची वाट

महाळुंगे पडवळचे नाव निघाले की हुतात्मा बाबू गेनू आठवतात. १९०८ साली ते येथे जन्मले. स्मरणिकेसाठी थोर व्यक्तीवर लिहावे असे मंडळाच्या भगिनींनी सुचविले, तेव्हा मी त्यांच्याच पिढीतील एक स्त्री निवडली. आपल्या मुली आता मंचर-घोडेगावच्या कॉलेजांतून पदवीधर होतात आणि निकाल लागतो न लागतो तोच घरात प्रश्न उभा राहतो : लग्न, नोकरी की पुढचे शिक्षण? इरावतीबाई कर्व्यांपुढे तो १९२६ साली उभा होता.

त्यांचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. तेथील इरावती नदीवरून वडिलांनी, गणेश हरी करमरकरांनी, मुलीचे नाव ठेवले. सातव्या वर्षी त्यांना पुण्यास हुजूरपागेत धाडले. पुढे रँग्लर परांजप्यांच्या घरी त्या लेकीसारख्या वाढल्या. १९२६ साली फर्ग्युसनमधून पदवीधर झाल्या. मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा अभ्यास चालू असतानाच महर्षी कर्व्यांचे चिरंजीव दिनकरराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लग्न झाले म्हणून अभ्यास थांबला नाही. १९२८ साली त्या एम. ए. झाल्या.

पुढे जर्मनीस जाण्याचा प्रश्न निघाला. ज्या महर्षींनी सारा जन्म स्त्रीशिक्षणासाठी वेचला, त्यांनाच सुनेचे हे जाणे पसंत पडले नाही! दिनकरराव मात्र पत्नीच्या पाठीशी उभे राहिले. ते स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले होते. जीवराज मेहतांकडून कर्ज घेऊन इरावतीबाई बर्लिनला गेल्या आणि १९३० साली डॉक्टरेट मिळवून परतल्या.

त्यानंतर सासऱ्यांनीच स्थापिलेल्या महिला विद्यापीठाच्या त्या काही वर्षे रजिस्ट्रार होत्या. १९३९ साली डेक्कन कॉलेजात गेल्या, त्या अखेरपर्यंत तेथेच राहिल्या. तीन मुलांचा संसार होता. संशोधनासाठी देशभर हिंडणे होते. पालखीबरोबर त्या पंढरीची वाटही चालल्या. नवऱ्याला त्या नावाने हाक मारीत आणि पुण्यात स्कूटर चालवीत; लोकांना त्याचे मोठे नवल वाटे. ‘युगान्त’ला १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्या निवर्तल्या.

एवढ्या विदुषी, पण घराला त्यांनी कधी कमी लेखले नाही. कोणाची सून, कोणाची पत्नी अशी ओळख होऊनही काही उणे राहिले आणि आई म्हणून ओळख झाली तेव्हा ती पुरी झाली, असा अनुभव त्यांनी ‘परिपूर्ती’ या लेखात सांगितला आहे.

परांजप्यांचे घर प्रत्येकीला लाभत नाही, हे मी जाणते. परंतु इरावतीबाईंच्या चरित्रातून मला एक गोष्ट दिसते. लग्न की शिक्षण, असा पेच आपण एकट्या मुलीपुढे टाकतो. त्यांच्या घरी तो नवऱ्यानेही आपला मानला. म्हणून भगिनींनो, स्थळ पाहताना मुलीला स्वयंपाक येतो का, असे कोणी विचारले तर खुशाल उत्तर द्यावे. आणि तिच्या परीक्षेच्या दिवसांत स्वयंपाकघर कोण सांभाळील, हे आपणही विचारावे. शेतीवाडीइतकीच ही चौकशी महत्त्वाची आहे.