कडेगावच्या यशवंतरावांनी काही मिनिटांत होकार दिला आणि पठाणकोटवरून विमानं उडाली

जुन्या बंदुका आणि युद्धातली विमानं यांचं वेड असलेला एक तरी मित्र प्रत्येकाच्या ग्रुपमध्ये असतो. लांबून फोटो बघूनच तो सांगतो, हे नॅट, हे मिग-२१, ही थ्री नॉट थ्री. रायफलीचा बोल्ट ओढल्याचा आवाज आला की त्याच्या अंगावर काटा येतो. अशी रील्स आता तुमच्या फीडवरही येत असतील.

पण या तिन्ही नावांच्या मागे सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्याचा एक माणूस उभा आहे, हे त्या मित्राला विचारून बघा. बहुतेक वेळा त्याला ते माहीत नसतं.

तो माणूस म्हणजे यशवंतराव चव्हाण.

महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री म्हणून आपण त्यांना ओळखतो. सहकार, पंचायत राज, साहित्य, कृष्णाकाठ, सगळं पाठ असतं. पण १९६२ ते १९६६ अशी चार वर्षं ते देशाचे संरक्षणमंत्री होते. आज संग्रहालयात ठेवलेली कितीतरी शस्त्रं त्या चार वर्षांत खरोखरच्या युद्धात होती. आणि ती कधी, कशी वापरायची याची जबाबदारी देवराष्ट्रे गावात जन्मलेल्या या माणसावर होती.

आधी थोडं मागं जाऊ.

सागरेश्वरच्या डोंगराजवळ देवराष्ट्रे हे गाव आहे. यशवंतरावांचं ते आजोळ. १२ मार्च १९१३ ला तिथं त्यांचा जन्म झाला. तेव्हा हा भाग सातारा जिल्ह्यात होता. वडील बळवंतराव कोर्टात बेलिफ होते. यशवंतराव लहान असतानाच प्लेगनं वडील गेले. आई विठाबाईंनी आणि मोठ्या भावांनी घर ओढलं. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये, मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आणि शेवटी पुण्यात वकिलीचं.

मध्ये तुरुंगही झाला. १९३२ मध्ये स्वातंत्र्य चळवळीत १८ महिन्यांची शिक्षा लागली. १९४२ च्या जून महिन्यात लग्न झालं आणि दोनच महिन्यांनी छोडो भारत आंदोलन पेटलं. यशवंतराव भूमिगत झाले. सातारा जिल्ह्यात कचेऱ्यांवर मोर्चे निघाले, त्यांच्या आखणीत ते होते. ९ सप्टेंबरला वडूजच्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि नऊ जण मारले गेले.

म्हणजे बंदुकीशी त्यांची पहिली ओळख ही अशी झाली होती. बंदूक समोरच्याच्या हातात आणि आपली माणसं रिकाम्या हातानं.

त्यानंतर बरोबर वीस वर्षांनी, नोव्हेंबर १९६२ मध्ये, पंडित नेहरूंनी त्यांना दिल्लीला बोलावलं. चीनबरोबरच्या युद्धात भारताची वाईट अवस्था झाली होती. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना राजीनामा द्यावा लागला होता. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावून गेला, हे वाक्य तेव्हापासून आपल्याकडे चालत आलंय. प्रत्यक्षात २१ नोव्हेंबरला यशवंतरावांनी पदाची सूत्रं घेतली, त्याच दिवशी चीननं एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली होती. लढाई संपली होती. समोर होता तो नुसता हिशेब. कुठं चुकलं आणि का चुकलं?

त्या हिशेबात पहिली वस्तू होती थ्री नॉट थ्री.

ली-एनफील्ड या ब्रिटिश रायफलीचं हे आपल्याकडचं नाव. पॉइंट ३०३ इंच हा तिच्या नळीचा आतला व्यास, त्यावरून ते पडलं. पहिलं महायुद्ध तिनं पाहिलं, दुसरं पाहिलं. दणकट आणि नेम पक्का, म्हणून आजही शौकिनांची ती लाडकी आहे. मॅगझिनमध्ये दहा गोळ्या बसतात. पण प्रत्येक गोळीनंतर हातानं बोल्ट मागं ओढून पुढं ढकलावा लागतो. समोरच्या चिनी सैनिकांकडे स्वयंचलित आणि अर्धस्वयंचलित रायफली होत्या. बर्फात, पातळ कपड्यांत, आपला जवान बोल्ट ओढत होता.

रीलमध्ये तो आवाज भारी वाटतो. १९६२ च्या डोंगरात त्याच आवाजात जवानाचे मोलाचे सेकंद जात होते.

सप्टेंबर १९६३ मध्ये यशवंतरावांनी पराभवाच्या चौकशीचे निष्कर्ष संसदेत मांडले. पूर्ण अहवाल त्यांनी गुप्तच ठेवला. पण प्रशिक्षण, साधनसामग्री, नेतृत्व या सगळ्यांत उणिवा होत्या, हे सरकारच्या वतीनं मान्य केलं. १९६४ मध्ये पाच वर्षांची संरक्षण योजना आली. सैन्य सव्वाआठ लाखांचं, हवाई दल ४५ स्क्वाड्रनचं, असं लक्ष्य ठरलं. थ्री नॉट थ्रीच्या जागी इशापूरच्या कारखान्यात बनणारी ७.६२ मिलिमीटरची सेल्फ लोडिंग रायफल हळूहळू सैन्यात आली.

विमानांचं काम जास्त अवघड होतं. पाकिस्तानकडे अमेरिकेनं दिलेली सेबर आणि आवाजाच्या दुप्पट वेगाची स्टारफायटर होती. मे १९६४ मध्ये यशवंतराव स्टारफायटर मागायला अमेरिकेला गेले. तिथं असतानाच नेहरू गेल्याची बातमी आली आणि ते परतले. अमेरिकेनं विमानं दिली नाहीत. मग त्याच वर्षी ते सोव्हिएत रशियाला गेले. मिग-२१ चा करार मेनन यांच्या काळातला होता, पण ती विमानं भारतात बनवण्याचं काम यशवंतरावांच्या काळात मार्गी लागलं. १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहायला लागला. नाशिक हा तेव्हा यशवंतरावांचाच मतदारसंघ होता. १९६३ मध्ये तिथून ते बिनविरोध लोकसभेवर गेले होते.

पण कारखाना उभा राहायला वर्षं लागतात. युद्ध तेवढं थांबलं नाही.

१ सप्टेंबर १९६५. पहाटे पाकिस्ताननं जम्मूतल्या छंब भागात पॅटन रणगाडे घुसवले. आपल्याकडे तिथं होते हलके एएमएक्स रणगाडे, तेही मोजकेच. अखनूरचा पूल गेला असता तर काश्मीरकडचा रस्ता धोक्यात आला असता. दुपारी चारच्या सुमारास लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग संरक्षणमंत्र्यांच्या खोलीत आले. मागणी एकच होती. विमानं पाठवायची परवानगी द्या.

यात एवढं विचार करण्यासारखं काय, असं आज वाटेल. पण १९६२ मध्ये भारतानं लढाऊ विमानं वापरलीच नव्हती. लढाई वाढेल, शहरांवर बॉम्ब पडतील, ही भीती होती. आता विमानं उडवली तर सीमेवरची चकमक उघड युद्धात बदलणार होती. नाही उडवली तर छंबमधले जवान रणगाड्यांखाली जाणार होते.

यशवंतरावांनी मंत्रिमंडळाच्या बैठकीची वाट पाहिली नाही. काही मिनिटांत होकार दिला.

सव्वापाच वाजून गेले आणि पठाणकोटवरून व्हॅम्पायर विमानं उडाली. ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तयार झालेली, पहिल्या पिढीची जेट. पहिलं व्हॅम्पायर १९४३ मध्ये उडालं होतं. १९६५ मध्ये ती म्हातारी झाली होती. त्या दिवशी बारा व्हॅम्पायर गेली. त्यांच्या मागोमाग फ्रेंच बनावटीची मिस्टियर गेली. रणगाड्यांची चाल मंदावली, रात्र पडेपर्यंत वेळ मिळाला. पण सेबर आणि जमिनीवरच्या माऱ्यात चार व्हॅम्पायर पडली. त्यानंतर व्हॅम्पायर आघाडीवरून मागं घेण्यात आली.

होकार बरोबर होता आणि त्याची किंमतही चुकवावी लागली. दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळच्या आहेत.

मग नॅट पुढं आली. ब्रिटिश डिझाइनचं, बंगळुरूत बनणारं छोटंसं विमान. इतकं छोटं की आकाशात पटकन दिसायचं नाही. ३ सप्टेंबरला मिस्टियरचं आमिष दाखवून सेबरना बाहेर काढलं गेलं आणि खालून नॅट वर आली. भारतीय नोंदीनुसार ट्रेव्हर कीलर यांनी त्या दिवशी पहिलं सेबर टिपलं. त्यांना वीरचक्र मिळालं आणि नॅटला सेबरचा कर्दनकाळ म्हणून ओळख मिळाली.

सगळे दिवस असे नव्हते. ६ सप्टेंबरला पाकिस्तानी विमानांनी पठाणकोटवर हल्ला केला, तेव्हा धावपट्टीजवळ उभी असलेली आपली विमानं जळाली. त्यात नवी कोरी मिग-२१ सुद्धा होती. यशवंतराव त्या दिवसांत डायरी लिहीत होते. त्यांचे खासगी सचिव राहिलेल्या राम प्रधान यांनी ती २००७ मध्ये पुस्तकातून लोकांसमोर आणली. विजयाच्या बातम्यांबरोबर असे वाईट दिवसही त्यात आहेत.

युद्ध थांबलं. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला लालबहादूर शास्त्रींसोबत यशवंतरावही होते. शास्त्री तिथंच गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यशवंतराव गृहमंत्री झाले. पुढं अर्थ, परराष्ट्र, उपपंतप्रधानपद. १ जून १९८३ ला पत्नी वेणूताई गेल्या. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत यशवंतराव गेले. कृष्णाकाठ हे त्यांचं आत्मचरित्र १९४६ पर्यंत येऊन थांबतं. पुढचे भाग लिहून झालेच नाहीत.

आज दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात व्हॅम्पायर आणि नॅट दोन्ही बघायला मिळतात. लोक त्यांच्याजवळ सेल्फी काढतात. थ्री नॉट थ्री तर २६/११ च्या रात्री सीएसएमटीवर आपल्या पोलिसांच्या हातातही होती, समोर एके-४७ असताना. १९६२ चा धडा ४६ वर्षांनी पुन्हा तसाच समोर आला.

म्हणून पुढच्या वेळी जुन्या विमानाचं किंवा रायफलीचं रील दिसलं तर जरूर लाईक करा. त्यात चुकीचं काही नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की शस्त्र संग्रहालयात जुनं झालं की त्याची किंमत वाढते, पण सीमेवर जुनं झालं की ती किंमत जवान चुकवतो. देवराष्ट्रेच्या माणसाची दिल्लीतली चार वर्षं हाच हिशेब जुळवण्यात गेली होती.